चाचणी घर क्रमांक एक

“बायकांच्या तब्येतीबद्दल काहीही विचारायचं असेल, तर मला विचारा!” टाळीसाहेब लिफ्टमध्ये म्हणाले.

लिफ्टमध्ये तीन बायका होत्या. तिघींपैकी एकीनंही काही विचारलं नाही. एक तर दुसऱ्याच मजल्यावर उतरली आणि उरलेले चार मजले जिन्यानं चढून गेली.

टाळीसाहेब म्हणजे स्त्रियांच्या आरोग्याचं काम करणाऱ्या एका कंपनीतले भागीदारी विभागाचे प्रमुख. कंपनीचे दवाखाने होते, गोळ्या होत्या, मोबाईलवरचं ॲप होतं. हे सगळं दुसऱ्या कंपन्यांच्या मालाशी जोडून द्यायचं काम साहेबांकडे. आमचं ॲप घ्या, त्यांची गादी घ्या, दोघांचंही भलं! आता टाळी हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. दर दोन वाक्यांनंतर समोरच्यापुढे पंजा करून “द्या टाळी!” म्हणायची त्यांना खोड होती. ज्याच्या हातात फाइल असेल तोच सुटायचा. त्यामुळे त्या मजल्यावर बायका रिकाम्या हातानं पाणी प्यायलासुद्धा जात नसत.

आजवर साहेबांनी काय काय जोडलं होतं म्हणता! गादीवाल्यांबरोबर शांत झोपेचा कार्यक्रम. त्यात साहेबांनी झोपेवर अकरा भाषणं दिली आणि अकराही वेळा पुढच्या रांगेतले लोक झोपले. छत्रीवाल्यांशी करार, म्हणजे छत्री गुलाबी. कुलूपवाल्यांशी करार, म्हणजे कुलूप गुलाबी. कंपनीच्या डॉक्टरीणबाई सरळ माणूस. त्यांनी विचारलं, “कुलपाचा आणि पाळीचा काय संबंध हो?”

“डॉक्टर, हे भावनेचं काम आहे,” साहेब हसून म्हणाले. “तुम्हाला नाही कळायचं!”

डॉक्टरीणबाईंनी बावीस वर्षं बाळंतपणं केली होती. भावनेच्या भरात बायका नवऱ्याला काय काय म्हणतात ते त्यांनी याच कानांनी ऐकलं होतं. पण त्या गप्प बसल्या.

गप्प बसल्या नाहीत त्या कंपनीच्या मालकीण, म्हणजे मॅडम. वय तेहतीस, बोलणं मोजकं.

“गुलाबी छत्र्या किती गेल्या?”

“अकरा!” साहेब छाती काढून म्हणाले.

“त्यातल्या नऊ तुमच्या नातेवाइकांकडे गेल्यात. मी पत्ते बघितले.” मॅडमनी लॅपटॉप मिटला. “या महिन्यात एक तरी खरा करार आणा. नाहीतर तुमचं खातं बंद आणि तुम्ही तक्रारींच्या टेबलावर.”

तक्रारींच्या टेबलावर दिवसाला पन्नास बायकांचे फोन यायचे. त्या काय होतंय ते सांगायच्या, आणि टेबलावरच्या माणसानं मध्ये न बोलता ऐकून घ्यायचं. नुसतं ऐकायचं! आठ तास! साहेबांनी जन्मात कुणाचं सलग चार मिनिटं ऐकलं नव्हतं. तिथं आपण महिन्याभरात वेडे होऊ याची त्यांना पुरेपूर खात्री होती.

भीतीपोटी माणसाला सुचतं, तसं साहेबांनाही सुचलं. पंखे! पाळी जाण्याच्या वयात बायकांच्या अंगातून एकाएकी वाफा येतात, घामाच्या धारा लागतात. त्यालाच ॲपमध्ये हॉट फ्लॅश म्हणत. मग बाईच्या हाताशी एक छोटं बटण द्यायचं. वाफ आली की दाबलं बटण, की सुरू झाला पंखा! आणि किती वेळा दाबलं त्याचा आकडा आपोआप ॲपवर. साहेब पंखे बनवणाऱ्या कंपनीत गेले, दोन तास बोलले, आणि तिथल्या मालकांना एवढंच म्हणायला वाव मिळाला, “बायका ते दिवसातून किती वेळा दाबतील ते आकड्यांत दाखवा. मग बघू.”

डॉक्टरीणबाईंनी आपली एक अट घातली. बटण दाबलं की ॲपनं विचारायचं, ‘आधी काय झालं होतं?’ गरम चहा, जिना, स्वयंपाकघर, आणि इतर असेल तर लिहा. कारण कळलं तर उपाय सापडतो, हे त्यांचं म्हणणं. साहेबांना हा सगळा नसता उपद्व्याप वाटला, पण करारात एक परिच्छेद वाढत होता आणि तो वजनदार दिसत होता. त्यांनी होकार दिला आणि ते विसरून गेले. ॲप स्वतः उघडून बघायचं तर त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. तीन वर्षं ते त्या ॲपचे करार करत फिरत होते आणि ते त्यांच्या फोनवर नव्हतंच!

आता चाचणीला बायका हव्यात. आणि गंमत बघा, स्त्रियांच्या आरोग्याच्या त्या अख्ख्या कंपनीत त्या वयाच्या बायका होत्या दोनच. बाकी सगळा मजला सत्ताविशीचा. त्या दोघींतल्या एक डॉक्टरीणबाई, त्या म्हणाल्या, “मीच तपासणार, मीच दाबणार, असं चालत नाही.” दुसऱ्या हिशेब विभागातल्या बाई. त्यांनी चष्म्यावरून एकदा नुसतं बघितलं. साहेब “बरं बरं” म्हणत आल्या पावली परतले.

मग उरलं कोण? बायको!

साहेबांची बायको शाळेत विज्ञान शिकवायची. वय एकोणपन्नास. बाई तशी शांत, पण नोंद म्हणजे नोंद. फुलझाडाला पाणी घातलं तरी तारीख लिहून ठेवणारी.

“हे घे,” साहेबांनी बटण तिच्यापुढे ठेवलं. “अंगातून वाफा आल्या की दाबायचं. पंखा सुरू होतो.”

“मला वाफा येतात हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“अगं, वयच आहे! आमच्या स्लाइडवर आहे ना!”

बायकोनं बटण उलटसुलट करून बघितलं. मग मोबाईलवर ॲप उघडून नीट वाचलं. “इथं कारण विचारतायत. खरं लिहायचं?”

“मग काय खोटं लिहायचं? शास्त्र आहे हे!”

“अगदी खरं खरं?”

“शंभर टक्के! दे टाळी!”

बायकोच्या एका हातात बटण होतं, दुसऱ्या हातात फोन. तिनं मान डोलावली आणि ती पेपर तपासायला बसली.

आणि काय सांगू, पंखा जो फिरायला लागला! साहेब संध्याकाळी घरी येऊन बूट काढतात न काढतात तोच घर्रर्र! साहेब सोफ्यावर बसून आपण आज कुणाला कसं गप्प केलं ते सांगायला लागले की घर्रर्र! रोज सकाळी, यंत्र बसवून गेलेला कंपनीचा इंजिनिअर आकडा कळवायचा आणि रोज आकडा वाढलेला. साहेबांना आनंद मावेना. इतकं चांगलं चाललंय तर जवळून निरीक्षण करावं म्हणून त्यांनी चार दिवस घरूनच काम केलं. आकडा दुप्पट झाला! रविवारी तर तिप्पट! साहेबांनी लगेच स्लाइड केली: ‘सुट्टीच्या दिवशी स्त्रियांना उष्णतेचा त्रास अधिक.’ मध्ये एक दिवस ते बाहेरगावी गेले. त्या दिवशीचा आकडा शून्य. साहेबांनी इंजिनिअरला फोनवर असा फैलावर घेतला की बिचाऱ्यानं घरी येऊन अख्खं यंत्र खोललं.

“यंत्र ठणठणीत आहे साहेब,” तो म्हणाला.

“मग बंद कसं पडलं?”

“बंद नव्हतं पडलं. वहिनींनी दाबलंच नाही.”

“असं कसं होईल? बाई तीच, वय तेच!” साहेबांनी त्या दिवसाचा आकडा ‘तांत्रिक बिघाड’ म्हणून खोडून टाकला.

दोन आठवड्यांत चौऱ्याण्णव वेळा! साहेबांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘वीस चाचणी घरांतील सरासरी.’ घर होतं एक. पण एका घराची सरासरीही तेवढीच येते, त्यात खोटं काय, असं त्यांनी स्वतःला समजावलं. स्वतःला काहीही समजावण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता.

सहीचा दिवस उजाडला. बैठकीच्या खोलीत एका बाजूला मॅडम आणि डॉक्टरीणबाई, दुसऱ्या बाजूला पंख्यांचे मालक आणि त्यांच्या पत्नी. ती कंपनी दोघांची होती. बोलायचं काम मालकांचं, ठरवायचं मालकीणबाईंचं. मालकीणबाई पंचावन्नच्या आसपासच्या, आणि कराराचा कागद घडी घालून त्यानं वारा घेत बसलेल्या. साहेबांच्या ते लक्षातही आलं नाही. ते भिंतीवरच्या पडद्यावर बायकांना उकडतं कसं ते दाखवत होते.

“चौऱ्याण्णव!” साहेबांनी पंजा पुढे केला. “द्या टाळी!”

मालकांनी दिली. मालकीणबाई पडद्याकडे बघत होत्या. “कारणं काय लिहिलीत?”

“कारणं? आहेत ना! चहा पाच, जिना दोन, स्वयंपाकघर चार, इतर त्र्याऐंशी.”

“इतर म्हणजे काय?”

“इतर म्हणजे… किरकोळ.”

“चौऱ्याण्णवातले त्र्याऐंशी किरकोळ?” मालकीणबाईंचा कागद थांबला. “उघडा बघू.”

“हो, उघडतो की!” म्हणून साहेबांनी मोठ्या रुबाबात स्वतःच्या हातानं उघडलं. पडद्यावर ‘चाचणी घर क्रमांक एक’ असं आलं आणि खाली नोंदींची लांबच लांब यादी. मालकांचा आवाज खणखणीत. त्यांनी वाचायला सुरुवात केली.

“‘नवरा घरी आला.’ ‘नवऱ्यानं गार लागतंय म्हणून पंखा बंद केला.’ ‘नवऱ्यानं मला मेनोपॉज म्हणजे काय ते समजावून सांगितलं. पस्तीस मिनिटं.’”

डॉक्टरीणबाईंना एकदम खोकला आला. साहेबही हसले. मनापासून हसले!

“‘झोपायचं होतं. नवरा झोपेवरचं भाषण म्हणून दाखवत होता.’ ‘नवरा म्हणाला, तुझ्याजागी मी असतो तर असा कुरकुरलो नसतो. मी काही बोलले नव्हते.’ ‘नवरा उद्या घरूनच काम करणार आहे.’” इथं मालकांचा आवाज जरा उतरला. त्यांनी चोरून बायकोकडे बघितलं. “‘नवरा घरी आहे.’ ‘नवरा अजून घरी आहे.’”

“काय एकेक माणसं असतात!” साहेबांनी डोळे पुसले. “अहो, असल्या माणसाला लोक घरात ठेवून कसे घेतात? त्या बाईची कमाल आहे! मी असतो तर कधीच हाकलून दिला असता!” त्यांनी टाळीसाठी पंजा पुढे केला.

“‘नवरा म्हणाला,’” मालकांनी पुढची ओळ वाचली, “‘आज आकडा वाढला, दे टाळी.’”

मग हळूहळू सगळ्यांच्या माना साहेबांकडे वळल्या. साहेबांचा पंजा अजून अर्धवट वरच होता. तो खाली घ्यावा की कुठं ठेवावा ते त्यांना समजेना. घामानं शर्ट पाठीला चिकटला. त्यांच्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना उकडत होतं आणि जवळपास एकही बटण नव्हतं.

“घर क्रमांक दोन दाखवा,” मालकीणबाई म्हणाल्या.

“दोन… दोन अजून बसवायचं आहे.”

“आणि तीन ते वीस?”

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. त्या टोपणाचा टक् असा आवाज झाला आणि साहेबांना तक्रारींच्या टेबलावरचे फोन वाजताना ऐकू यायला लागले.

“थांबा!” ते ओरडले. “हे सगळं योगायोगानं झालंय! मी नसतो तरी तिनं तेवढंच दाबलं असतं! उष्णता ही उष्णता असते!”

“मग करून बघू,” डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. “कारण काढून टाकायचं आणि पंधरा दिवस मोजायचं. आम्ही चहाचं तसंच करतो.”

“मला चालेल,” मालकीणबाई म्हणाल्या. “तोवर सही राहू दे.”

“आणि प्रयोग संपेपर्यंत तुम्ही ऑफिसात यायचं नाही,” मॅडम म्हणाल्या. “आकड्यांपासून लांबच राहा.”

अशा रीतीनं महिलांच्या आरोग्यासाठी टाळीसाहेब घराबाहेर पडले. त्यांच्या सगळ्या कारकिर्दीतलं हे एवढंच काम म्हणा! बायकोनं बॅग भरून दिली. चार शर्ट साहेबांनी सांगितले होते. तिनं आठ घातले.

स्टेशनामागच्या लॉजमध्ये खोली मिळाली. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसायची. साहेबांना मात्र ठाम विश्वास होता. काउंटरवरच्या मॅनेजरला ते रोज सांगायचे, “बघाच तुम्ही, मी नसतानाही आकडा तेवढाच येतो की नाही!” मॅनेजरला काही म्हणता काही माहीत नव्हतं. तो म्हणायचा, “येणार साहेब, नक्की येणार.” पाचव्या दिवसापासून साहेब जिन्यावर दिसले की तो टेबलाखाली काहीतरी शोधायला लागायचा.

घरी फोन केला की बायको दोन वाक्यं बोलायची. बरी आहे, पेपर तपासतेय. मागे पंखा वाजतोय का, हे ऐकायला साहेब कान देऊन बसायचे. काही ऐकू यायचं नाही. पंधराव्या दिवशी, शुक्रवारी, त्यांनी बॅग भरली तेवढ्यात तिचा मेसेज आला: ‘डॉक्टर म्हणाल्या, अजून चार दिवस.’

“शास्त्राला घाई करून चालत नाही,” साहेबांनी मॅनेजरला समजावलं आणि बॅग पुन्हा उपसली.

मंगळवारी सकाळी मात्र त्यांना राहवेना. त्यांनी डॉक्टरीणबाईंनाच फोन लावला. “काय डॉक्टर, आकडा किती झाला? संपवायचा ना आज प्रयोग?”

“कसला प्रयोग?”

“अहो, माझा!”

“तो शुक्रवारीच संपला की. आकडा नऊ.”

“नऊ… रोजचे?”

“पंधरा दिवसांचे. मालकीणबाईंना तो आकडा फार आवडला. म्हणाल्या, नऊ वेळा जिला खरंच पंखा लागतो तिच्यासाठी मी पंखा करेन. सह्या झाल्या काल. तुमच्या मिसेसनी नोंदी इतक्या नीट ठेवल्यात की पुढच्या चाचणीला आम्ही त्यांनाच बोलावलंय. आणि तुमचं टेबल हलवलंय हं. उद्यापासून तक्रारी.”

“पण तुम्ही तर म्हणालात ना, अजून चार दिवस?”

“मी? मी असं काहीच म्हटलं नाही.”

फोन बंद झाला. साहेब पलंगाच्या कडेला बसून राहिले. करार त्यांच्याशिवाय झाला, टेबल गेलं, त्याचं त्यांना आश्चर्य वाटेना. ज्या बाईनं आयुष्यात पाण्याच्या तांब्याची नोंदसुद्धा खोटी लिहिली नव्हती, ती त्यांच्याशी खोटं बोलली होती. त्यांना वाईट वाटलं. खरंच वाटलं, आणि ते कुणाला सांगून टाळी मागावी असं नव्हतं.

त्यांनी घरी फोन लावला.

“डॉक्टर म्हणाल्या नव्हत्या,” साहेब म्हणाले.

“नाही,” बायको म्हणाली. “मी खोटं सांगितलं.”

“का गं?”

“अहो, मला झोप लागत होती.”

साहेबांनी तोंड उघडलं. झोपेवर त्यांच्याकडे अकरा भाषणं तयार होती. पण का कोण जाणे, एकही बाहेर पडलं नाही. “म्हणजे आधी लागत नव्हती?”

“दोन वर्षं.”

“दोन वर्षं! मला बोलली नाहीस ते!”

“बोलायला लागले की तुम्ही सांगायला लागायचा.”

मग ती बोलत राहिली. घामानं जाग कशी यायची, चादर कशी बदलायची, वर्गात फळ्याकडे तोंड करून वाफ जाईपर्यंत कशी उभी राहायची. साहेब ऐकत होते. समोरच्या टाकीवर एक कावळा येऊन बसला, उडाला, परत आला. घड्याळात सहा मिनिटं झाली होती आणि साहेब मध्ये एक अक्षर बोलले नव्हते. दोनदा तर तीच म्हणाली, “आहात ना लाइनवर?”

“आहे,” साहेब म्हणाले. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, “मग आता… घरी येऊ का मी?”

पलीकडे कॅलेंडरचं पान उलटल्याचा आवाज आला.

“शनिवारी या,” बायको म्हणाली. “जेवायलाच या.”

साहेबांचा जीव भांड्यात पडला. इतका पडला, की आपल्याच घरी आपल्याला जेवायचं आमंत्रण आलंय हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. ते घाईघाईनं म्हणाले, “येतो, येतो! येताना काही आणू का?”

“काही नको,” ती म्हणाली. “निघायच्या आधी तेवढा फोन करा.”